वॉकरचा आवाज त्यांना ऐकू दे

काकू, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली. लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी दोन वर्षांची होईल. हे फौजेत नाईक आहेत, सध्या जम्मूकडे एलओसीवर. मे २०२५ मध्ये ७ तारखेच्या सकाळी टीव्हीवर ऑपरेशन सिंदूरची बातमी बघितली आणि त्यानंतर चार दिवस यांचा फोन नाही. मी आणि आत्या (माझ्या सासूबाई) रात्रंदिवस टीव्हीसमोर बसून होतो. ११ तारखेला रात्री फोन आला. ‘ठीक आहे, जेवलोय, काळजी करू नको.’ मिनिटभरसुद्धा बोलणं झालं नाही.

गणपतीत वीस दिवस सुट्टीवर आले होते. आरतीनंतर गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला, तर हे ताटावरून उठून बाहेर धावले आणि पोरांच्या अंगावर असे ओरडले की पोरं रडायला लागली. रात्री गच्चीवर जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘काही नाही, तुला नाही कळायचं.’

ते परत गेल्यावर दसऱ्यानंतर आत्या मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्याला ऑपरेशन झालं. भावजी म्हणाले, दादाला कळवायचं नाही, ड्युटीवरच्या माणसाला टेन्शन द्यायचं नसतं. सगळ्यांनी तसंच ठरवलं. आता आत्या वॉकर धरून चालतात. परवा फोनवर यांनी विचारलं, ‘कसला खट खट आवाज येतोय गं?’ मी म्हटलं, शेजारी सुताराचं काम चाललंय. त्याशिवाय चुलत सासऱ्यांच्या पोरांनी नांगरट करताना आमचा बांध कोरून दोन हात आत घेतलाय, तेही सांगितलेलं नाही.

आता रोज फोन येतो, पण बोलायला काही उरलेलं नाही. ‘जेवलीस?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो.’ संपलं. काकू, मी खोटं बोलतेय की त्यांना जपतेय? मला खरंच कळेनासं झालंय.

– एक सैनिकपत्नी

पोरी,

तुझ्या पत्रातलं ते सुताराचं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसून राहिले. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. आत्यांचं त्यांना सांग, याच आठवड्यात सांग. तू वाईट हेतूनं लपवलंस असं मी म्हणत नाही. पण ज्याला तू जपणं म्हणतेस त्यानं माणूस जपला जात नाही. हे मला कसं कळलं ते सांगते.

१९९९ सालची, कारगिलच्या लढाईची गोष्ट. आमचे हे तोफखान्यात, बोफोर्सच्या तोफेवर. मे महिन्याच्या शेवटी युनिट द्रासला गेलं. मी सासरी, खटाव तालुक्यात. घरात मी, आत्या, मामंजी आणि पाच वर्षांचा मुलगा. गावात फोन नव्हता. यांची आंतर्देशीय पत्रं यायची, वर पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्यावरून माणूस नक्की कुठल्या डोंगरावर आहे हे कुणालाच कळू नये, म्हणून तो पत्ता तसा असतो. आम्हीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडे एक खिल्लारी बैल होता, हरण्या. यांनीच पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खोंड म्हणून घेतलेला, स्वतःच्या हातानं वाढवलेला. जूनमध्ये मामंजींचा दमा बळावला. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. औताला माणूस नाही, दवाखान्याला पैसा नाही. घरी आलेल्या व्यापाऱ्याला हरण्या दिला. आत्या म्हणाल्या, ‘त्याला लिहू नगंस. तिकडं जीव जातोय का ऱ्हातोय आन् आपन बैलाचं काय सांगायचं?’ मला पटलं.

यांच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायची, ‘हरण्याला पेंड देताय ना?’ आणि मी दर वेळी लिहायची, ‘हो, चांगला आहे.’ पाच महिने. पुढंपुढं तर मी आपणहून लिहायला लागले. हरण्या आज असा माजावर आला, हरण्यानं दावं तोडलं. लिहिताना मला बरंही वाटायचं, म्हणजे मी त्यांना केवढा आधार देतेय असं वाटायचं.

दिवाळीला हे आले. एसटीतून उतरले, ट्रंक ओसरीवर टेकवली, आत्यांच्या पाया पडले आणि चहासुद्धा न घेता गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले तर हे गव्हाणीपाशी उभे. दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं, गव्हाण कोरडी, आणि यांच्या हातात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. वाटेत कोरेगावच्या बाजारातून घेतलेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तो खडा रिकाम्या गव्हाणीत ठेवला आणि शांतपणे मला विचारलं, ‘आणखी काय काय नाही ते एकदाच सांग.’

तो प्रश्न मी आजतागायत विसरलेली नाही. ‘बैल का विकला’ असं नाही विचारलं. बैल का विकला ते त्यांना उभ्याउभ्याच कळलं होतं. शेतकऱ्याचं पोर आहे. पण मी लिहिलेल्या एकूण एक ओळीवरचा त्यांचा विश्वास त्या क्षणी उडाला होता. मामंजी बरे आहेत असं लिहिलं होतं ते खरं का? पोरगं शाळेत जातंय ते खरं का? तू नीट आहेस ते तरी खरं का? त्या सुट्टीत ते प्रत्येक गोष्ट स्वतः हात लावून बघत होते. धान्याच्या कणगीत हात घालून बघितला, आत्यांची औषधं बघितली, पोराची पाटी बघितली.

नंतर कधीतरी रात्री ते बोलले. द्रासला दिवसरात्र तोफेवर पाळ्या चालायच्या. एकेक गोळा चाळीस किलोच्या वर, तो उचलून उचलून हात भरून यायचे, कान बधिर व्हायचे. समोरूनही मारा यायचा. तासभर डोळा मिटायला मिळाला की झोप यायची नाही. मग ते मनानं घरी यायचे. ‘आधी गोठा,’ म्हणाले. ‘हरण्याच्या पाठीवरनं हात फिरवायचा, वैरण टाकायची. मग ओसरी. मग आबांचा खोकला. मग तू. तिथवर आलो की झोप लागायची.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिथं माणसाला आपलं घर इंच न् इंच लागतं. कुठलं दार कुरकुरतं, कुठल्या कोनाड्यात काय, कोण कुठं निजतं. ते रोज उजळत बसायचं हाच तिथला विसावा. आपण त्यातलं एक खोटं सांगितलं, की माणूस त्या घरात परका होतो.

तुझे हे आत्ता रोज रात्री मनानं घरी येत असतील, तर त्यांच्या डोळ्यांसमोरच्या आत्या तुरुतुरु चालत चुलीपाशी जातायत. आणि कानांना मात्र वॉकर ऐकू येतोय. फौजी माणूस आहे तो. अंधारात पानं कुठल्या बाजूला सळसळली हे ओळखणं त्याचं काम. सुताराच्या हातोडीचा आवाज आणि फरशीवर टेकणाऱ्या वॉकरचा आवाज यांतला फरक त्याला कळला नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं आणि तू काहीतरी सांगितलंस आणि त्यांनी ते मान्य केलं. ‘जेवलीस? हो. तुम्ही? हो.’ हे बोलणं तिथून आटलंय बघ. तू एक दार लावून घेतलंस, त्यांनी गच्चीवर बसून दुसरं आधीच लावलं होतं.

भावजींचा राग करू नकोस. ड्युटीवरच्याला कळवू नये ही रीत आपल्याकडं फार जुनी आहे आणि एके काळी ती शहाणपणाची होती. आमच्या यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होते. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची तीच. तिथं कूतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी सापडल्या होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस वेढा. अन्न संपत आल्यावर घोडी कापायची वेळ आली आणि शेवटी हत्यारं खाली ठेवावी लागली. त्या काळात घरी माणूस मेला हे तिकडं कळवून काय होणार होतं? पत्र पोचायला महिने, सुट्टी मिळायची नाही, बोट मिळायची नाही. न कळवणंच बरं. पण तेव्हाची सैनिकांची जी पत्रं सेन्सॉरनं वाचून त्यांचे उतारे करून ठेवले, ते आजही लंडनला जपलेले आहेत. त्यांत बहुतेक पत्रं पंजाबकडच्या शिपायांची, आणि त्यांत जागोजागी शेताची, गुराढोरांची, लग्नकार्यांची चौकशी असते. फ्रान्सच्या खंदकात बसलेला माणूस विचारतोय की म्हैस व्याली का. ही भूक तेव्हाही तीच होती.

आज तुझ्या हातात रोजचा फोन आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं तर आईशी ते दोन शब्द बोलू शकले असते. कदाचित अर्ज करून चार दिवस सुट्टीही मिळाली असती. ती संधी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून काढून घेतलीत. आई त्यांची आहे, पोरी. काळजी करायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

आता सांगायचं कसं. मी नंतर पुढची अकरा वर्षं, ते रिटायर होईपर्यंत, एकच पद्धत ठेवली होती. आधी शेवट सांगायचा, मग सुरुवात. ‘आत्या चालतायत, जेवतायत, डॉक्टरांनी सगळं नीट आहे म्हणून सांगितलंय. दसऱ्यानंतर मोरीत पडल्या होत्या, ऑपरेशन झालं.’ याच क्रमानं. ‘अहो, एक वाईट बातमी आहे’ अशी सुरुवात केलीस तर पुढचं त्यांना ऐकूच जाणार नाही. आणि बोलायच्या आधी विचार, ‘आत्ता वेळ आहे का? ड्युटी कधी आहे?’ पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांच्याकडं सगळे हत्यार घेऊन खंदकात उभे असतात, त्याच्या तोंडावर नको. रात्री गस्तीला निघणार असतील तर त्या दिवशी राहू दे, दुसऱ्या दिवशी सांग. सगळ्यांनी हे माझ्याकडून दोन महिने लपवायला लावलं, भावजींनी असं ठरवलं, हे काहीही बोलू नकोस. ‘आम्ही लपवलं, चुकलं आमचं. परत नाही होणार,’ एवढंच म्हण.

रागावतील. फोन ठेवतीलही. एक दिवस फोन येणार नाही कदाचित. येऊ दे तो राग. खरं कळल्यावरचा राग आहे तो, त्यात घर आहे. गोठ्यातल्या त्या शांतपणापेक्षा तो किती बरा हे मी तुला सांगते.

आणि पुढं रोजच्या फोनवर छोटं छोटं सांगत जा. जेवलीस का म्हणाले तर ‘हो’ म्हणून मोकळी होऊ नकोस. काय केलं होतंस ते सांग. घेवडा शिजला का नाही, आल्याला भाव काय मिळाला, ज्वारी हुरड्यावर आली का, मुलीनं आज कुठला नवा शब्द उचलला, शेजारच्या वहिनींशी कशावरून बाचाबाची झाली. तुला वाटेल, तिकडं गोळ्या चालतात आणि मी घेवड्याचं काय सांगू? अगं, तेच सांग. त्यांच्याकडं लंगरचं तेच ते जेवण, डाळ, भात, रोटी, खिशात शक्करपारे, समोर तोच डोंगर. नवीन काही घडत असेल तर ते बहुधा चांगलं नसतं. घेवडा शिजला नाही म्हणून आत्या कुरकुरल्या, हे ऐकायला त्यांना किती गोड लागेल.

पण काही गोष्टी फोनवर नकोतच. कुठं आहात, कुठं जाणार, किती जण आहात, हे विचारू नकोस. सुट्टीच्या तारखा आणि त्यांचे वर्दीतले फोटो स्टेटसला लावू नकोस. आणि भांडण अर्धवट टाकून फोन ठेवू नकोस. पुढचा फोन कधी लागेल हे दोघांनाही माहीत नसतं.

बांधाचं सांगणं तर फारच गरजेचं आहे, कारण तिथं ते नुसतं ऐकून घेणार नाहीत, काहीतरी करू शकतात. तिथं बसून आईचं दुखणं त्यांना हलकं करता येत नाही, पण बांधाचं काम त्यांच्या हातात आहे, आणि काम हातात असलं की माणसाला बरं वाटतं. त्यांनी आपल्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडं अर्ज द्यायचा. युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं. इकडं तू भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज टाक, आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन भेट. तिथले कल्याण संघटक अशी प्रकरणं नेहमी बघतात. सही-व्यवहारासाठी तुझ्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवायला त्यांना सांग. आणि भाऊबंदांनी उद्या कोर्टात जायची भाषा केली तर घाबरू नकोस. सीमेवर किंवा युद्धाच्या कामावर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा परस्पर निकालात निघू नये यासाठी १९२५ पासून वेगळा कायदा आहे. त्यातली कलमं तुझ्या प्रकरणाला कशी लागतात ते वकिलाकडून नीट समजून घे. तोवर चुलत सासऱ्यांशी तोंडानं वाद घालू नकोस. बांधाचे फोटो काढून ठेव, जुन्या खुणेचा दगड कुठं होता ते दोन म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेव.

मे महिन्यातल्या त्या चार दिवसांबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण त्या दोन ओळींत काय काय असेल ते मला ठाऊक आहे. तेव्हा ऐन लग्नसराईत पोरांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. हळदीच्या अंगानं काही जण गाडीत बसले. गावागावांतून बायका टीव्हीसमोर बसून होत्या. आणि टीव्हीनं काय केलं? ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून वाहिन्या ओरडत होत्या, ते साफ खोटं निघालं. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सरकारनं एप्रिलच्या शेवटीच वाहिन्यांना बजावलं होतं, तरी ही तऱ्हा. त्या आरडाओरड्यात तुझ्या माणसाची खबर एका अक्षराचीही नव्हती. आणि नसणारच.

पुन्हा कधी अशी वेळ आली, आणि येऊ नये, तर एवढं धरून ठेव. कारवाई सुरू झाली की फोन बंद ठेवायचा हुकूमच असतो. फोन लागत नाही याचा अर्थ हुकूम पाळला जातोय, एवढाच घ्यायचा. ती दुसरी खबर टीव्हीच्या खालच्या पट्टीवरून येत नाही, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येत नाही. ती युनिटकडून येते. त्यांचा आर्मी नंबर, युनिटचं नाव, पत्ता, युनिटमधला एक फोन नंबर हे सगळं कागदावर लिहून देवघरात ठेव. मोबाइलमध्ये आहे म्हणू नकोस. कागदावर. बँकेचं आणि विम्याचं वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय तेही पुढच्या सुट्टीत दोघांनी बसून बघून घ्या. लग्नाआधीचं आईचंच नाव राहून गेलेलं असतं बऱ्याचदा, आणि तुझं लग्न, मुलीचा जन्म यांची नोंद युनिटमध्ये नीट झालेली हवी. हे अभद्र बोलणं नाही. संकष्टीला चंद्र दिसो न दिसो, आपण उपास सोडायची तयारी करून ठेवतोच की.

आमच्या आत्या १९७१ मध्ये ऐन पंचविशीत होत्या. मामंजी तेव्हा फौजेत. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली. गावात एकच रेडिओ, पाटलांच्या वाड्यावर. आत्या सकाळी एकदा आणि रात्री एकदा बातम्यांना जायच्या, बातम्या संपल्या की उठायच्या. बाकीच्या बायका गाणी ऐकत बसायच्या, या घरी येऊन दळायला बसायच्या. मला म्हणायच्या, ‘दोन येळंला ऐकलं की पुरं. मधल्या येळंला जात्याचं ऐकायचं.’ तू टीव्हीचंही तसंच ठरव. दोन वेळा, अर्धा अर्धा तास, आणि मध्ये हाताला काम. तुझ्या तालुक्यात आणखी कितीतरी घरांतली माणसं त्याच सीमेवर होती. त्यांतल्या दोघी-तिघींचे नंबर घेऊन ठेव. अशा रात्री भावजींपेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात.

आता गच्चीचं आणि सुतळी बॉम्बचं.

ते पोरांवर चिडले नव्हते. तोफगोळ्याच्या माऱ्याखाली राहिलेल्या माणसाचं अंग आवाज ऐकल्याबरोबर उठतं, मन नंतर जागं होतं. तिथं त्या सवयीनं जीव वाचतो. ती सवय एसटीत बसल्यावर उतरून राहत नाही, बरोबर घरी येते. ते ओरडले कारण त्या क्षणाला त्यांना पोरांना आडोशाला ढकलायचं होतं. नंतर स्वतःचीच लाज वाटली असेल, म्हणून गच्ची. आमच्या यांनी ९९ ची ती दिवाळी मळ्यातल्या विहिरीवर काढली. लक्ष्मीपूजनाला आले, प्रसाद घेतला आणि परत गेले. मी तेव्हा फार रडले होते, मला वाटलं यांना आमच्यात राहायचंच नाही. आता वाटतं, डबा घेऊन मीही विहिरीवर गेले असते तर बरं झालं असतं. नुसतं शेजारी बसायला.

पुढच्या सुट्टीत सण आला तर आधी सांगत जा, ‘आता पोरं फटाके लावणार आहेत.’ माहीत असलेला आवाज निम्मा होतो. गच्चीवर बसले तर बसू दे, चहा नेऊन दे, प्रश्न विचारू नकोस. हाताला काम दे. कुदळ, कौलं, गोठ्याची डागडुजी, काहीही. ‘तुला नाही कळायचं’ म्हणाले तर ते तुझा अपमान करत नव्हते, त्यांना शब्द सापडत नव्हते. आमच्या यांच्या तोफेवरचा एक जोडीदार द्रासला मारला गेला. त्याच्याबद्दल मला सहा वर्षांनी कळलं. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, मध्येच बोलायला लागले, पाटी भरेपर्यंत बोलले. मी मान वर केली नाही, शेंगा फोडत राहिले. मान वर केली असती तर थांबले असते.

पण वाट बघण्यालाही हद्द असते. घरी आल्यावर महिना महिना झोप नाही, पिणं वाढलंय, जगण्यात अर्थ नाही अशा गोष्टी बोलतायत, असं दिसलं तर गप्प बसू नकोस. त्यांच्या युनिटमध्ये डॉक्टर असतो, मिलिटरी हॉस्पिटल आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं, आणि फौजी लोक व त्यांच्या घरच्यांसाठी टेलिमानसचा एक वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याला एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू आहे. तो नंबर तुझ्यासाठीही आहे, हे ध्यानात ठेव. तू झोपतेस का, हे तू पत्रात कुठंच लिहिलेलं नाहीस. आणि कधी तुझ्यावर किंवा मुलीवर हात उगारला, तर लढाईवरून आलाय म्हणून सोसायचं नाही. त्याच दिवशी भावजींना सांगायचं.

तुझी मुलगी फोनलाच पप्पा म्हणत असेल, माझी नात म्हणायची. आल्यावर त्यांना बघून घाबरली असेल तर वाईट वाटून घेऊ नका, दोघांनीही. नेटवर्क बरं असेल त्या दिवशी त्यांना म्हण, चिऊकाऊची गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा. रोज झोपताना लाव.

आता आत्यांकडं वळते. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, पण त्या माउलीला कुणी विचारलं का? दोन महिने ती आपल्या लेकाशी बोलताना खाटेवर बसून ‘मी बरी हाय रं’ म्हणते आणि फोन संपेस्तोवर पाय हलवत नाही. तिच्या जिवाला काय होत असेल! म्हणून असं कर. फोन आला की मी वर सांगितलेल्या क्रमानं बोल. मग ते काही म्हणायच्या आत फोन स्पीकरवर टाक आणि आत्यांना म्हण, ‘आत्या, उठा, चालून दाखवा यांना.’ खाटेपासून मोरीच्या दारापर्यंत. मध्ये कुणी बोलू नका, त्यांना ऐकू दे. मग फोन आत्यांच्या हातात दे आणि तू मुलीला घेऊन ओसरीवर जा.